शाळेची परसबाग: खर्च किती आणि पैसे कुठून?

शहापूर तालुक्यातल्या डोळखांबच्या बाजूला शाळेची परसबाग बहुधा दोन कारणांनी मोडते. भातकापणी झाली की गुरं-शेळ्या मोकळ्या सुटतात आणि फेब्रुवारीनंतर विहिरी तळ गाठतात. अर्जात मात्र बियाणं, कुंड्या, रंगीत फलक यांचीच यादी असते. म्हणून आधी कुंपण आणि पाणी यांचा हिशेब मांडा, मग अर्ज लिहा.

एक गुंठा जागा धरू. 33 बाय 33 फूट, म्हणजे चारी बाजूंनी 132 फूट कुंपण. लोखंडी जाळी आणि सिमेंटचे खांब घातले तर मजुरीसह पंधरा-वीस हजार सहज जातात. बांबूचे खांब आणि कारवीचा कूड केला तर तार, खिळे आणि थोडी मजुरी धरून दोन-तीन हजारांत भागतं. बांबू कुणा पालकाच्या बांधावरचा घ्यावा, जंगलातून तोडून आणू नये. कूड पावसाने कुजतो, दरवर्षी डागडुजी लागते. तरी पहिल्या वर्षी कूडच करा, असं माझं ठाम मत आहे. बाग टिकते हे दिसलं की जाळीसाठी मागितलेले पैसे मिळणंही सोपं जातं.

हत्यारांत दोन कुदळी, दोन फावडी, चार घमेली, दहा खुरपी आणि दोन झाऱ्या एवढं पुरतं. शहापूरच्या बाजारात अडीच-तीन हजारांत होईल. मुलांसाठी खुरपी लहान मुठीची घ्या. बियाण्याला पाचशे ते आठशे रुपये धरा. शेणखत पालकांकडून पाट्यापाट्यांनी मिळतं, त्यासाठी अर्जात रक्कम लावू नका. दोनशे लिटरचं जुनं पिंप आणि पाइप यांना दीड हजार. एकूण साडेसहा ते साडेआठ हजारांत बाग उभी राहते. हे दर अंदाजाचे आहेत. अर्जाला जोडायला दुकानदाराचं लेखी दरपत्रक घ्या.

आता पाणी. शाळेत 60 मुलं असतील आणि जेवणानंतर हात-ताटं धुवायला प्रत्येकी दोन लिटर लागत असेल, तर रोज 120 लिटर पाणी वाहून जातं. उन्हात भाजीच्या वाफ्याला चौरस मीटरमागे साधारण चार लिटर लागतं. म्हणजे त्या पाण्यावर 30 चौरस मीटर जगतं, गुंठ्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. पावसाळ्यात पूर्ण गुंठ्यावर भेंडी, काकडी, दोडका, पडवळ, अळू घ्या. पाऊस सरला की मुळा, माठ, मेथी आणि ओलीवर येणारा वाल. फेब्रुवारीपासून फक्त तो तिसरा हिस्सा ठेवा. मोरीपासून वाफ्यापर्यंतच्या चरात राख आणि साबण जाऊ नये म्हणून वाळू-खडीचा छोटा खड्डा करा. हा सगळा हिशेब पाचवीच्या मुलांकडूनच करून घ्यावा. क्षेत्रफळाचा याहून चांगला धडा पुस्तकात सापडणार नाही.

पैसे कुठून आणायचे? पहिलं दार शालेय पोषण आहाराचं, म्हणजे आताच्या प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेचं. केंद्राच्या 2019च्या मार्गदर्शक सूचनांत शाळेच्या पोषणबागेसाठी 5,000 रुपयांची तरतूद आहे, बियाणं, अवजारं, खत यांसाठी. ती आपोआप शाळेत येत नाही. पंचायत समितीच्या शिक्षण विभागात, पोषण आहार पाहणाऱ्या अधीक्षकांकडे लेखी मागणी करा आणि पोच घ्या. दुसरं, समग्र शिक्षेचं संयुक्त शाळा अनुदान: 30पर्यंत पट असेल तर 10,000, 31 ते 100 पटाला 25,000, 101 ते 250ला 50,000 रुपये. पण त्यातूनच वीजबिल, दुरुस्ती, स्वच्छता भागवायची असते, म्हणून बागेला हजार-दोन हजारांपेक्षा जास्त धरू नका. इको क्लबसाठीही समग्र शिक्षेत वेगळी तरतूद आहे. सामाजिक वनीकरण विभागाकडे राष्ट्रीय हरित सेनेचं काम असतं. त्यांच्या रोपवाटिकेत शेवग्याची, लिंबाची रोपं मिळतात का, तेही विचारा.

कुंपणासाठी मी वेगळं दार सुचवेन. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, त्यामुळे इथल्या ग्रामपंचायतींना पेसा या पंचायत कायद्याशी जोडलेला 5 टक्के अबंध निधी मिळतो. 2015पासूनची ही योजना आहे, आणि शिक्षण-आरोग्य हे तिच्या खर्चाच्या विषयांत बसतं. निर्णय ग्रामसभेचा असतो. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत शाळा व्यवस्थापन समितीने ठराव मांडावा, कारण पुढच्या वर्षाचा ग्रामविकास आराखडा त्याच सुमारास आकार घेतो. ठरावात ‘शाळेला मदत करावी’ असं मोघम लिहू नका. ‘शाळेच्या परसबागेस 132 फूट कुंपण, अंदाजे खर्च अमुक’ असं लिहा. समितीत निम्म्या महिला असतात. त्यांनी मागणी मांडली तर ती सहसा मागे पडत नाही. शेजारच्या मुरबाड तालुक्यात मात्र सगळी गावं अनुसूचित क्षेत्रात नाहीत, तिथे आपलं गाव यादीत आहे का हे आधी पाहा.

वाशिंद-आसनगावच्या कारखान्यांकडे टाकी किंवा पाइप मागता येतो. कंपन्या बहुधा वस्तू देतात किंवा नोंदणीकृत संस्थेमार्फत खर्च करतात, म्हणून रोख मागण्यात वेळ दवडू नका. अमेरिकेतली किड्सगार्डनिंग ही संस्था 1982पासून मुलांच्या बागांना छोटी अनुदानं देते आहे, पण तसा परदेशी पैसा विदेशी अंशदान कायद्याखालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय शाळेला घेता येत नाही. कुणी तशी ऑफर आणली तर आधी गटशिक्षणाधिकाऱ्यांना विचारा.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. सरकारी अनुदान आता ऑनलाइन पद्धतीने थेट दुकानदाराच्या बँक खात्यात जातं. आठवडी बाजारातल्या बियाणंवालीला ते देता येत नाही. म्हणून हत्यारं आणि पाइप पक्कं बिल देणाऱ्या दुकानातून घ्या, आणि गावठी बियाणं पालकांकडून. सह्याद्रीपलीकडे अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणं जपून मोठं काम उभं केलं, त्याची ओळख मुलांना या निमित्ताने होईल. पाड्यावरच्या आजीच्या घरी काकडीचं, वालाचं बी राखेत ठेवलेलं असतं. ते एकदा शाळेत आलं की दुसऱ्या वर्षापासून बियाण्याचा खर्च निम्म्यावर येतो.

पैसे बरेचदा मार्चच्या तोंडावर येतात आणि 31 मार्चआधी खर्ची घालायचे असतात. त्या दिवसांत बियाणं घेऊ नका, पेरणीपर्यंत जुनं होतं. हत्यारं, पिंप, तार घ्या. प्रत्येक बिलावर मुख्याध्यापक आणि समिती अध्यक्ष दोघांची सही ठेवा, साठा नोंदवहीत खुरप्यांची संख्या लिहा, आणि उपयोगिता प्रमाणपत्र मुदतीत द्या. जूनपासून दर महिन्याला एकाच कोपऱ्यातून बागेचा एक फोटो काढून ठेवा. परसबाग स्पर्धेला आणि पुढच्या अर्जाला, दोन्हीकडे तो लागतो.