मालक बदलल्यावर ग्रीन कार्डाचा अर्ज

प्रश्न : अमेरिकेत एच-१बी व्हिसावर असताना माझा आय-१४० (मालकाने ग्रीन कार्डासाठी केलेला विनंती-अर्ज) मंजूर झाला. नोकरी बदलल्यास रांगेतील स्थान जाईल काय?

उत्तर : आपली चिंता स्वाभाविक आहे, परंतु श्रम-प्रमाणपत्राचा अर्ज ज्या तारखेस दाखल झाला ती अग्रक्रमाची तारीख, कपटामुळे अथवा गंभीर चुकीमुळे मंजुरी रद्द झाली नसेल तर, नोकरी सोडल्यावरही आपलीच राहते, आणि भारतीयांना वर्षानुवर्षे तिष्ठावे लागत असल्याने हीच आपली मौल्यवान मिळकत होय. आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डाचा आपला स्वतःचा अर्ज, दाखल केला नसेल, तर नव्या मालकास श्रम-प्रमाणपत्र व आय-१४० नव्याने मिळवावे लागतील. आय-४८५ दाखल होऊन १८० दिवस उलटले असतील, तर २००० सालच्या कायद्यान्वये समान स्वरूपाच्या नोकरीत जाता येते. आय-१४०च्या मंजुरीपत्राची नक्कल मात्र राजीनाम्यापूर्वीच हस्तगत करावी.