घरातली सायकल : एक जमाखर्च

(बी. कॉम. भाग २)

जागच्या जागी चालणाऱ्या सायकलीवर लेख लिहावा, आणि तोही वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने, याचे काहींना नवल वाटेल. परंतु गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या घरी हा प्रश्न खरोखरच उभा राहिला. बाबा दिवसभर किराणा दुकानात बसून असतात. त्यांना मधुमेह आहे. डॉक्टरांनी चालायला सांगितले म्हणून पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फेऱ्या सुरू झाल्या. पण बेळगावचा पाऊस तो! जूनमध्ये फेऱ्या बंद पडायच्या आणि सप्टेंबरपर्यंत साखर चढायची. शेवटी आईने भिशीचे बारा हजार रुपये पुढे केले व म्हणाली, "एवढ्यात बसेल अशी सायकल बघ." आईचे पैसे आणि बाबांची प्रकृती, दोन्हींचा हिशेब माझ्याकडे आला. त्यानिमित्ताने जे पाहिले, वाचले व विचारले, ते येथे मांडीत आहे.

प्रथम गरज किती ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास केला तरी किमान भागते. मध्यम श्रम ओळखण्याची खूण सोपी आहे : बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही. काम करणारे स्नायू रक्तातील साखर वापरतात, आणि सायकलवर शरीराचे बरेचसे वजन बैठक पेलते, त्यामुळे गुडघ्यांना धावण्याइतके हादरे बसत नाहीत. मात्र साखर उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल त्याने डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. व्यायामाने साखर एकदम खाली येऊ शकते.

आता प्रकार. ताठ बसून चालवायची उभी सायकल कमी जागा घेते. मागे टेकून, पाय पुढे पसरून चालवायची सायकल कंबरदुखीवाल्यांना सोयीची, पण तिला जागा जास्त लागते आणि किंमतही साधारणतः जास्त पडते. तिसरी स्पिन बाइक. तिचे चाक जड असते व पुढे वाकून बसावे लागते. चौथीत चाकाच्या जागी पंखा असतो. जितक्या जोराने पाय मारावेत तितकी हवा अडवते, आणि आवाजही तितकाच होतो. आम्हा तरुणांचा डोळा स्पिन बाइकवर असतो. माझाही होता. एका मित्राच्या घरी बाबांना तिच्यावर बसवून पाहिले, तर पोट आड येऊन त्यांना वाकताच येईना. आई तर नुसती हसली. लुगडे नेसून त्या उंच दांड्यावरून पाय कसा टाकायचा? घरात सायकल एक असली तरी बसणारे दोघे आहेत, हे माझ्या तेव्हा ध्यानात आले.

पाय मारताना जो जोर लागतो तो यंत्रात दोन रीतींनी निर्माण करतात. एकात फेल्टचा पॅड चाकावर घासतो. हा स्वस्त, पण झिजतो, आणि कधी कधी आवाज करतो. दुसऱ्या रीतीत चाकाजवळ लोहचुंबक असतो. चाक फिरले की धातूत भोवऱ्यासारखे विद्युत्प्रवाह उत्पन्न होतात व ते चाकाला मागे ओढतात. विजेच्या जुन्या मीटरमधील फिरती चकती आपण पाहिली आहे. तिलाही असाच चुंबक आवरून धरतो. येथे काहीच घासत नाही, म्हणून झीज व आवाज दोन्ही कमी. खाली भाडेकरू असतील तर हा मुद्दा फार मोलाचा.

दुकानात गेल्यावर पडद्यावरचे आकडे पाहण्यापेक्षा बैठक पाहावी. पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा. मग चवडा ठेवला की गुडघ्यात किंचित बाक राहतो. ती उंची योग्य. बैठक फार खाली राहिली तर गुडघ्यावर ताण येतो. म्हणून घरातील सर्वांत उंच व सर्वांत बुटक्या माणसाला बसवून पाहावे. यंत्र किती किलो वजन पेलते ते वाचावे व बऱ्यापैकी वाव ठेवावा. पट्टा किंवा पेडल तुटल्यास सुटा भाग गावात मिळतो का, हेही विचारावे; आणि पक्की पावती घ्यावी. पडद्यावरील कॅलरी मात्र अंदाजच समजावा. ज्या यंत्राने आपले वजनसुद्धा विचारले नाही, त्याचा हिशेब कितपत खरा धरायचा?

आता माझ्या विषयाकडे येतो. समजा, सायकल १२,००० रुपयांची, पाच वर्षांनी मोडीत ३,००० येतील. सरळ रेषा पद्धतीने वार्षिक घसारा १,८०० रुपये. वर्षाला २५० वेळा चालवली तर एका बैठकीचा खर्च ७ रुपये २० पैसे. २० वेळाच चालवली तर ९० रुपये! उलट २४,००० ची, आठ वर्षे टिकणारी व शेवटी ४,००० देणारी सायकल २५० वेळा वापरली तर बैठकीमागे दहाच रुपये पडतात. म्हणजे वस्तू स्वस्त की महाग हे दुकानात ठरत नाही, घरी ठरते.

आमच्या शेजारच्या कानडी अज्जींच्या घरी अशीच एक सायकल कोपऱ्यात आहे. अज्जी तिला 'बट्टे हाको सैकल्' म्हणतात, म्हणजे कपडे टाकायची सायकल. तेव्हाच ठरवले की आपली सायकल कोपऱ्यात ठेवायची नाही. शेवटी लोहचुंबकाची, पाठीला टेका असलेली, दांडा खाली असलेली व पट्टा पूर्ण झाकलेली उभी सायकल बारा हजारांत बसली. ती बाहेरच्या खोलीत, बातम्या लागतात तेथेच ठेवली.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करण्याचा नियम केला. जुलै ते सप्टेंबर या ९२ दिवसांत बाबांच्या ६१ खुणा झाल्या आणि आईच्या ४८. वर्षाचा सगळा घसारा या १०९ बैठकींवर टाकला तरी बैठकीमागे साडेसोळा रुपये होतात. बाबांची साखर यंदा नेहमीसारखी चढली नाही. पण त्यांनी गोड चहाही सोडला आहे, तेव्हा सारे श्रेय सायकलीच्या खात्यावर जमा करणे हे हिशेबाला धरून होणार नाही.

पाऊस संपला तसे बाबा पुन्हा मैदानावर जाऊ लागले. मोकळ्या हवेची सर खोलीला नाही, असे त्यांचे म्हणणे. दुपारी चारला सायकलीवर आई असते. भिशीच्या त्या पैशांतून तिला खरे तर शिवणयंत्र घ्यायचे होते, हे तिने मला परवा सांगितले. एखादी वस्तू घेताना जी दुसरी सोडून द्यावी लागते तिच्या मोलाला अर्थशास्त्रात संधी-खर्च म्हणतात. ही व्याख्या मी परीक्षेत दोनदा लिहिली आहे. पण ती मला कळली ती परवाच.