घरच्या लेथसाठी नर्लिंग टूल: होल्डर स्वतः बनवा, रोलर विकत घ्या

पितळी नॉबच्या व्हिडिओत मी जे कात्रीसारखं नर्लिंग टूल वापरलं, त्याची मापं बऱ्याच जणांनी मागितली. व्हिडिओत हात दिसतात, मापं दिसत नाहीत. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा, आकडे बरेच आहेत.

ज्यांना नर्लिंग म्हणजे काय हे नक्की माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच: नॉबवर, स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीवर, हाताने फिरवायच्या स्क्रूवर जी खरखरीत जाळी असते ती म्हणजे नर्लिंग. दातेरी कडक रोलर फिरत्या जॉबवर दाबला की धातू दबून वर येतो आणि नक्षी उठते. इथे धातू कापला जात नाही, सरकवला जातो. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या भानगडी त्यातूनच निघतात.

आधी माझी फजिती सांगतो. सुरुवातीला माझ्याकडे साधं दाबायचं टूल होतं. दोन रोलर एकाखाली एक, आणि टूल पोस्टने समोरून जॉबवर रेटायचं. मोठ्या बिडाच्या लेथवर ते उत्तम चालतं. माझं मशीन टेबलावरचं, छोटं. ८० पितळी नॉबची ऑर्डर होती, ड्रॉइंगमध्ये व्यास १८ मिमी. मी बार १८ ला टर्न केला आणि टूल रेटलं. क्रॉस स्लाइड कुरकुरायला लागली, बार मागे वाकायला लागला, हेडस्टॉक हाताला गरम लागायला लागला. तरी मी रेटत राहिलो. तयार झालेल्या नॉबवर जाळीच्या जागी बारीक, दुहेरी, भुरकट रेघा आल्या, आणि माप १८ च्या वर गेलं. गिऱ्हाईकाने ८० पैकी ८० परत केले. पितळ भंगारात विकता येतं, पण भंगाराचा भाव आणि बारचा भाव यातला फरक मी खिशातून भरला. शिवाय स्पिंडलचं बेअरिंग नंतर बदलावं लागलं ते वेगळंच.

त्यात चुका दोन होत्या. एक टूलची, एक मापाची. आधी टूल घेऊ.

कात्री टूल का?

समोरून रेटलं की सगळा जोर स्पिंडलच्या बेअरिंगवर आणि क्रॉस स्लाइडच्या स्क्रूवर जातो. कात्री टूलमध्ये एक रोलर जॉबच्या वर, एक खाली. मधला बोल्ट आवळला की दोन्ही रोलर जॉबला चिमटीत धरतात. वरचा जोर खालच्याला भिडतो आणि मशीनवर जवळजवळ काहीच येत नाही. छोट्या लेथला हेच झेपतं.

असं टूल तयारही मिळतं. मग बनवायचं कशाला? इथे हिशोब करा, भावनेत जाऊ नका. समजा तुम्ही तुमच्या मशीनचा तास २५० रुपये धरता. पहिल्यांदा बनवताना १२ तास सहज जातील. म्हणजे ३,००० रुपये तिथेच झाले, मटेरियल वेगळं. तयार टूल त्याच्यापेक्षा स्वस्त मिळत असेल आणि तुमच्याकडे काम रांगेत उभं असेल, तर सरळ विकत घ्या आणि मशीन कमाईला लावा. पण मशीन आठवड्यातून दोन दिवस रिकामं असेल, तर तो तास २५० चा नाही, शून्याचा आहे. तेव्हा बनवा. मी बनवलं ते रिकाम्या दिवसांत, आणि माझ्या टूल पोस्टला १२ मिमीचीच शँक बसते हेही कारण होतं.

बनवूया

छोट्या वर्कशॉपमध्ये मिलिंग मशीन नसतं, त्यामुळे रोलरसाठी खाच कशी पाडायची हा पहिला प्रश्न. उत्तर: खाच पाडायचीच नाही. सँडविच करायचं. प्रत्येक हात म्हणजे २० × ५ मिमी एमएस फ्लॅटच्या दोन पट्ट्या आणि मध्ये ८ मिमीचा तुकडा. दोन हातांना मिळून चार पट्ट्या, लांबी साधारण ९५ मिमी.

रोलर २० मिमी व्यास, ८ मिमी रुंदी, ६ मिमी भोक या मापाचे घ्या, हे माप सर्रास मिळतं. जाळी हवी असेल तर एक डावा आणि एक उजवा तिरका, अशी जोडी मागायची. दुकानदाराने दोन्ही एकाच बाजूचे दिले तर जाळी न होता नुसत्या तिरक्या रेघा येतील, म्हणून काउंटरवरच शेजारी धरून बघा.

चारही पट्ट्या एकावर एक ठेवून क्लॅम्प करा, आणि भोकं एकदमच पाडा. हे टाळू नका. वेगवेगळी पाडली तर पिन वाकड्या बसतील, रोलर जॉबवर तिरके चालतील आणि टूल आपोआप एका बाजूला पळेल. मागच्या टोकाला पट्टीच्या मध्यावर ८ मिमीचं भोक, ही बिजागरीची जागा. तिथून बरोबर ७५ मिमी पुढे रोलरच्या पिनचं ६ मिमीचं भोक, पण हे मध्यावर नाही. आतल्या, म्हणजे जॉबकडच्या कडेपासून ७ मिमीवर. असं का? रोलरची त्रिज्या १०, कड ७ वर, म्हणजे रोलर ३ मिमी बाहेर डोकावतो. मध्यावर भोक पाडलंत तर रोलर पट्टीच्या कडेला समपातळीत राहील आणि जॉबला रोलरऐवजी पट्टी घासेल. मी पहिल्या जोडीत हेच केलं होतं. त्या पट्ट्या आता शेल्फच्या ब्रॅकेट झाल्यात. ५.८ चा ड्रिल आणि मग ६ चा रीमर, असं केलं तर पिन खुळखुळत नाही.

मधला तुकडा ८ मिमीचा आणि रोलरही ८ मिमीचा, मग रोलर फिरणार कसा? कोल्ड्रिंकच्या रिकाम्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमी असतो. तुकड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पट्टी घाला, खाच ८.२ झाली. याहून सैल नको, रोलर लडबडला की नक्षी लडबडली. हा तुकडा बिजागरीपासून ५२ ते ६० मिमीच्या मध्ये बसवा आणि एम ५ स्क्रूने आवळा. त्याच्या पुढे रोलरला फिरायला जागा उरते, मागे बोल्टला.

मागची बॉडी ८ मिमी जाडीच्या प्लेटची, ४० × ६० मिमी. तिच्यात बिजागरीची दोन भोकं, एकमेकांपासून ४० मिमीवर. प्लेटच्या मागे, बरोबर मध्यावर, १२ मिमी चौरस बार वेल्ड करा, ही शँक. वेल्डिंग आधी, भोकं नंतर. उष्णतेने प्लेट ओढली जाते. या मापात साधारण ६ ते २५ मिमी व्यासाचे जॉब बसतात आणि १४ मिमीच्या जॉबला दोन्ही हात समांतर राहतात. पट्ट्या कापण्याआधी एक गोष्ट मोजा: तुमच्या लेथच्या सेंटरपासून खाली क्रॉस स्लाइडपर्यंत किती जागा आहे. खालच्या हाताला सेंटरखाली ४० मिमी तरी मोकळी लागते.

आवळायला एम ८ चा लांब बोल्ट, बिजागरीपासून ४० मिमीवर, पट्ट्यांच्या मधल्या फटीतून उभा. वर आणि खाली चौकोनी गुटके ठेवा, त्यांची टेकणारी बाजू कानशीने जरा गोलसर करा, आणि पट्टीच्या कडेला उथळ खाच घासा म्हणजे गुटका पुढे सरकणार नाही. दोन हातांच्या मध्ये बोल्टवर एक स्प्रिंग घाला, नाहीतर नट सैल केला तरी हात उघडत नाहीत.

पिन साध्या एमएसच्या नको, त्या लवकर खातात. ६ मिमी सिल्व्हर स्टीलचा ग्राइंड केलेला रॉड घ्या, २४ मिमीचे तुकडे, दोन्ही टोकांना खाच आणि ई-क्लिप.

रोलरसुद्धा घरी करायचे का, असं काही उत्साही मंडळी विचारतील. सरळ दातांचा करता येतो. सिल्व्हर स्टीलचा तुकडा, स्पिंडलच्या मागे ६० दातांचा गिअर लावून त्यावर अडकण बसवायची, टूल आडवं धरून कॅरेजने एकेक दात रंधल्यासारखा खरवडायचा. मग लाल करायचं, चुंबक चिकटायचं थांबलं की अजून थोडं तापवून पाण्यात बुडवायचं, आणि पॉलिश करून फिकट पिवळा रंग येईपर्यंत पुन्हा हलकं तापवायचं. मी एकदा केला. शिकायला मजा आली, पण पोटापाण्याच्या कामाला मी विकतचेच एचएसएस रोलर वापरतो. तिरके दात तर घरी करण्याच्या भानगडीत पडूच नका.

आता माप, जे मी चुकलो

रोलरचे दात जॉबवर एक फेरा मारून आले की परत त्याच खुणांत बसले पाहिजेत. नाही बसले तर मधोमध दुसरी रेघ पडते, तीच ती दुहेरी भुरकट नक्षी. त्यासाठी पायची गरज नाही. रोलरचे दात मोजा, एका दाताला मार्करची खूण करून. रोलरचा व्यास भागिले दात. माझा १ मिमी पिचचा तिरका रोलर २० मिमीचा आणि ५४ दातांचा आहे. २० भागिले ५४ म्हणजे ०.३७. जॉबचा व्यास या ०.३७ च्या पटीत हवा. माझा १८ मिमीचा बार बघा: ४८ पट म्हणजे १७.७८, ४९ पट म्हणजे १८.१५. मी जवळजवळ मधोमध उभा होतो! याहून वाईट माप शोधूनही सापडलं नसतं.

दुसरं, धातू वर येतो म्हणून व्यास फुगतो. उठावदार जाळीला अंदाजे पिचच्या दोन-तृतीयांश, सरळ रेघांना निम्मा. म्हणजे तयार नॉब १८ चा हवा असेल तर सुरुवात १७.३ ते १७.५ च्या आसपास. त्यात ०.३७ ची पट कुठली? ४७ पट, १७.४१. त्या ऑर्डरला मी बार १७.४ ला टर्न करायला हवा होता. एवढंच.

अर्थात सूत्र म्हणजे दगडावरची रेघ नाही. पितळ, अॅल्युमिनियममध्ये रोलर थोडंफार जुळवून घेतो, स्टेनलेस अजिबात ऐकत नाही. प्रत्येक नव्या जॉबला आधी त्याच बारच्या तुकड्यावर एक ट्रायल घ्या.

चालवताना मशीन बंद ठेवून दोन्ही रोलर जॉबला नुसते टेकतील एवढा नट आवळा. मग क्रॉस स्लाइडने टूल मागे घ्या आणि नट पाव फेरा आणखी आवळा. एम ८ चा पाव फेरा म्हणजे बोल्टपाशी ०.३१, आणि हाताच्या लांबीमुळे रोलरपाशी जवळपास ०.५८. एक मिमी पिचला तेवढं बास. जॉब चकबाहेर लांब असेल तर टेलस्टॉकचा रिव्हॉल्व्हिंग सेंटर लावा. १८ च्या जॉबला २५० आरपीएमच्या आसपास, त्याहून जास्त नको. रोलरची निम्मी रुंदी जॉबच्या टोकावर येईल असं धरा, मशीन चालू करा, आणि टूल आत न्या, दोन्ही रोलर सेंटरच्या बरोबर वर-खाली येईपर्यंत. तिथे थांबून एक नजर टाका. नक्षी एकेरी दिसली तर कॅरेज हळू पुढे, तेल सोडत. दुहेरी दिसली तर लगेच मागे घ्या, व्यास आणखी ०.१ ने कमी करा आणि पुन्हा बघा. रोलर दाबात असताना मशीन बंद करू नका, तिथे खड्डा पडतो. हातमोजे नकोत, फडकं तर नकोच. चुरा झाडायला लांब दांड्याचा ब्रश.

एकाच पासमध्ये काम संपवायचं, फार तर दोन. पुन्हा पुन्हा फिरवलं की दाबून कडक झालेला धातू सालीसारखा सुटायला लागतो. तेव्हा नक्षी बोटाला टोचते आणि नॉब परत येतो.

मी प्रत्येक गिऱ्हाईकाच्या नॉबचं सुरुवातीचं माप, रोलरचे दात आणि नटाचे फेरे वहीत लिहून ठेवतो. परत केलेल्या त्या ८० नॉबचं गिऱ्हाईक सात महिन्यांनी पुन्हा आलं. या वेळी मी आधी तीन नमुने पाठवले, आणि दर नॉबमागे दोन रुपये जास्त लावले. त्यांनी घासाघीस केली नाही.