डोक्यावर छत असलेलं पाणी

प्रश्न : मी अकोट तालुक्यातला. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो. आता बुडी मारून तळाची घागर वर आणतो. सिलिंडर लावून पाण्याखालच्या गुहांत शिरणाऱ्यांचे व्हिडिओ पाहिले, तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. आपल्या सातपुड्यात अशी जागा आहे का? चांगलं पोहता येत असेल, तर वेगळं शिक्षण आणि प्रमाणपत्र कशाला? ते मिळतं कुठं?
— एक वाचक, अकोट

उत्तर : तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या पायाखालच्या दगडातच आहे. आपल्या डोंगरांचा काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. तो पाण्यात विरघळत नाही. चुनखडीचा दगड मात्र पावसाच्या किंचित आम्लधर्मी पाण्यानं हजारो वर्षं विरघळत राहतो, भेगांची भुयारं होतात आणि पुढं ती पाण्यानं भरतात. आपल्याकडे असं होत नाही, म्हणून पातूरच्या गुहा छिन्नीनं कोरलेल्या आहेत आणि चिखलदऱ्याचं भीमकुंड आकाशाखाली उघडं आहे. चुनखडीतली गुहा पाहायची असेल तर बस्तरमधल्या कोटमसरला जावं. तिथल्या अंधारात पिढ्यान्‌पिढ्या राहून दृष्टी गमावलेले मासे आहेत. मेक्सिकोच्या युकातान भागात साक आक्तुन नावाची पाण्यानं भरलेली गुहा आहे. 2018 मध्ये ती शेजारच्या गुहेला आतून जोडलेली आढळली, तेव्हा तिची लांबी 347 किलोमीटर भरली. अकोल्याहून मनमाडला रेल्वेनं जाताना याहून कमी अंतर पडतं.

आता दुसरा प्रश्न. विहिरीत घाबरायला झालं तर तुम्ही काय करता? पाय झाडता आणि वर येता. गुहेत वर खडक असतो. बाहेर पडण्याची वाट एकच, ज्या वाटेनं आत आलात ती. त्यातच तळाला पाय लागून गाळ उसळला, तर क्षणात काही दिसेनासं होतं. पहिल्या पुरातलं पूर्णेचं पाणी ओंजळीत घेतलं की तळहात दिसत नाही, तसंच. तिथं पोहण्याची ताकद उपयोगाची नाही. उलट, जोरानं हातपाय मारणारा जास्त गाळ उठवतो आणि हवाही लवकर संपवतो.

2018 च्या जून-जुलैत थायलंडच्या थाम लुआंग गुहेत 12 मुलं आणि त्यांचा फुटबॉल प्रशिक्षक अडकले होते, ते तुम्हाला आठवत असेल. तिथलं पाणी उपसायला पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञही गेले होते. थाई नौदलाचे कसलेले पाणबुडे हजर होते, पण त्यांचं शिक्षण समुद्रातलं. गुहेचं पाणी त्यांना नवं होतं. 2 जुलैला मुलांपर्यंत पोचले ते रिक स्टँटन आणि जॉन व्होलँथन, हौसेनं वर्षानुवर्षं गुहांत बुड्या मारणारे दोन ब्रिटिश. पहिले निवृत्त अग्निशामक जवान, दुसरे संगणक क्षेत्रातले. 6 जुलैला समन कुनान हे नौदलाचे माजी जवान आत सिलिंडर ठेवून परतताना मृत्युमुखी पडले. त्यांच्या धाडसाला आणि ताकदीला कोण नाव ठेवील? पण गुहेचं पाणी वेगळं असतं, हे त्या दिवसांनी जगाला दाखवलं.

या वेगळ्या पाण्याचे नियम अपघातांतूनच घडले. फ्लोरिडातले शेक एक्सली यांनी गुहांमधले मृत्यू एकेक करून तपासले आणि 1979 साली त्यावर पुस्तक लिहिलं. तीच तीच कारणं पुन्हा पुन्हा समोर येत होती : बाहेरपर्यंत सलग दोर नव्हता, परतीपुरती हवा राखली नव्हती, झेपेल त्याहून खोल गेले होते. पुढं त्यांत आणखी दोन कारणांची भर पडली : गुहेचं शिक्षणच नव्हतं आणि दिवे पुरेसे नव्हते. आज प्रत्येक अभ्यासक्रम या पाच गोष्टींभोवतीच बांधलेला असतो.

हवेचा हिशेब बघा. टाकीत 210 बार दाब असेल तर 70 जाण्याला, 70 येण्याला आणि 70 राखीव. ही राखीव हवा साथीदारासाठी असते. त्याची टाकी ऐन आत बंद पडली, तर दोघांनी तुमच्या एका टाकीवर बाहेर यायचं असतं. म्हणून दोघांपैकी कुणाचाही काटा 140 वर आला की दोघंही फिरतात. दिव्यांचंही तसंच : प्रत्येकाजवळ तीन, एक हातातला आणि दोन जादा.

दोराचा सराव आधी जमिनीवर होतो. वरूड-मोर्शीकडच्या एखाद्या संत्र्याच्या बागेत या झाडापासून त्या झाडाला गुडघ्याइतक्या उंचीवर दोर ताणलाय, अशी कल्पना करा. तुमचे डोळे बांधलेले. अंगठा आणि पहिलं बोट जुळवून केलेल्या कड्यातून दोर सरकतोय. तो ओढायचा नाही, सोडायचा तर नाहीच. मागच्यानं तुमचा दंड धरलाय; त्यानं पुढं रेटलं तर चालायचं, मागं ओढलं तर थांबायचं. बोलायचं नाही. दोराला अधूनमधून प्लॅस्टिकचे त्रिकोणी बाण अडकवलेले असतात. त्यांचं टोक बाहेरच्या वाटेकडे असतं आणि ते बोटांनी चाचपून ओळखायचं असतं. हेच सगळं मग पाण्यात, अंधारात, पुन्हा पुन्हा.

शिक्षणाच्या पायऱ्या अशा. आधी पोहण्याला शिस्त लावा. अमरावतीला 1914 पासून चालत आलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात तलाव आहे. मग समुद्र. सिंधुदुर्गातल्या तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. तिथल्यासारखा ‘ओपन वॉटर’ अभ्यासक्रम साधारण चार दिवसांचा असतो. त्यासाठी न थांबता 200 मीटर पोहता आणि 10 मिनिटं तरंगता आलं पाहिजे. कान, दमा, हृदय यांविषयीचा वैद्यकीय अर्ज खरा भरा. आणि तुमची एक जुनी सवय आधी मोडावी लागेल. घागरीसाठी बुडी मारताना तुम्ही श्वास कोंडता. सिलिंडरचा पहिला नियम आहे, श्वास कधीही कोंडायचा नाही. 10 मीटरवर घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते. ती कोंडून वर आलात तर फुप्फुस फाटू शकतं.

त्यानंतर ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आणि भरपूर सराव. मग, वयाची 18 वर्षं पुरी असतील तर, कॅव्हर्नचा अभ्यासक्रम. कॅव्हर्न म्हणजे गुहेच्या तोंडाचा भाग, जिथवर बाहेरचा उजेड दिसत राहतो. पाडी या संस्थेच्या नियमात पाण्याच्या पृष्ठभागापासून वाटेनं मोजून, खोलीसकट, 40 मीटरची हद्द आहे. उजेड दिसेनासा झाला की गुहा सुरू. तिचं शिक्षण पुढच्या टप्प्यांत होतं आणि त्यासाठी लोक युकातानला किंवा फ्लोरिडाला जातात. ही प्रमाणपत्रं सरकार देत नाही, प्रशिक्षण संस्था देतात. त्यांवर तुम्ही कुठल्या हद्दीपर्यंत शिकलात ते लिहिलेलं असतं. ती हद्द मनापासून पाळा.

तोवर एक कळकळीची विनंती. सातपुड्यातल्या कुंडांच्या, जुन्या विहिरींच्या कपारीत शिरून स्वतःची परीक्षा घेऊ नका. गाळ काढायला विहिरीत उतरलेली माणसं गुदमरून गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. हवा आहे म्हणजे ती श्वास घेण्याजोगी आहे, असं नसतं. हे अंगातलं कसब गावाच्या कामी लावायचं असेल, तर आपल्याच जिल्ह्यात पिंजरचं संत गाडगेबाबा आपत्कालीन शोध व बचाव पथक आहे. धरणांच्या, नद्यांच्या गढूळ पाण्यात ते शोधकार्य करतं. त्यांना जाऊन भेटा.

शेवटी एक खूण सांगतो. मोबाइलवर आपण अंगठा वर करतो तो ‘छान’ म्हणून. पाण्याखाली वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ ‘बुडी संपली, परत चला’ असा आहे. ती खूण कुणीही करावी, शिकाऊनं गुरूला करावी, कारण न सांगता करावी. सगळ्यांनी तिथून फिरायचं. बाहेर आल्यावरही त्याला कुणी जाब विचारत नाही. या विद्येतला सगळ्यात मोलाचा धडा मला हाच वाटतो, आणि तो तुम्ही उद्या सकाळी विहिरीवरही, बरोबरच्या पोरांना शिकवू शकता.