पोळ्याची पुरणपोळी : एक परिसरपाठ

उद्देश : नित्य परिचयाच्या एका पक्वान्नाच्या आधारे श्रमाविषयीचा आदर विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबविणे. इयत्ता तिसरी व चौथीस हा पाठ श्रावण अमावास्येच्या आधीच्या आठवड्यात द्यावा.

विषयविवेचन : भंडारा हा भाताचा जिल्हा. वैनगंगेच्या खोऱ्यात व जुन्या मालगुजारी तलावांच्या आधाराने येथे धान पिकते. रोजच्या ताटातही भातच मुख्य. अशा मुलखात पोळ्याच्या दिवशी हरभऱ्याची डाळ शिजते, गूळ घालून पुरण आटते आणि कणकेच्या पारीत भरलेली पोळी तव्यावर भाजली जाते. डाळ निवडण्यापासून पुरण वाटण्यापर्यंत या पक्वान्नास वेळ व कष्ट लागतात. म्हणूनच ते रोजचे अन्न नसून मानाचे अन्न ठरले.

हा मान कोणाचा, हे सणाच्या क्रमावरून कळते. आदल्या सायंकाळी बैलांचे खांदे हळद व तुपाने शेकतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतात. चिखलणीत जू वाहून शिणलेला खांदा हाच प्रथम पूजिला जातो, हे ध्यानात घ्यावे. पोळ्याच्या दिवशी बैलांच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. त्यांना न्हाऊ घालून सजवितात. तोरणाखालून घरी परतल्यावर घरधनीण त्यांचे पाय धुते, ओवाळते आणि पुरणपोळी त्यांच्या मुखी देते. बैल नेणाऱ्या गड्यास बोजारा मिळतो. कित्येक घरी नवे वस्त्रही देतात. घरची माणसे त्यानंतर जेवतात. एरवी ज्याला शेवटी कडबा मिळतो, त्याला आज पहिला घास मिळतो. पुरणपोळीचा अर्थ तिच्या गोडीपेक्षा या क्रमात अधिक आहे.

शेजारच्या छत्तीसगडात याच अमावास्येस ‘पोरा’ साजरा होतो. तेथे ठेठरी व खुरमी करतात आणि मुले मातीचे बैल खेळवितात. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी तान्हा पोळ्यास लाकडी बैल निघतात. पक्वान्न बदलले तरी कृतज्ञता तीच, हे यावरून दाखवावे.

पाठ देताना : आज पुष्कळ घरांचे गोठे रिकामे आहेत, चिखलणी ट्रॅक्टरने होते. कित्येक मुलांच्या घरी शेतच नाही. “तुझ्या घरी किती बैलजोड्या?” असा प्रश्न वर्गात विचारू नये, त्याने काही मुलांची मान खाली जाते व त्या दिवशी ती पुन्हा बोलत नाहीत. त्याऐवजी “बैलाची निगा कशी राखतात, हे कोण सांगेल?” असे विचारावे. गड्याच्या मुलास हे बहुधा धन्याच्या मुलापेक्षा अधिक ठाऊक असते. त्यास प्रथम बोलू द्यावे. पोळ्याचा धडा वर्गात याच रीतीने आचरता येतो.

प्रश्न :
१. पोळा रोवणीचे काम उरकत आल्यावर येतो. त्यापूर्वी बैलांनी कोणती कामे केली?
२. बैलाचा खांदाच का शेकतात?
३. ज्या घरी बैल नाही, त्या घरी पहिली पोळी कोणाला द्यावी असे तुम्हांस वाटते?
४. तुमच्या घरी सर्वांत शेवटी कोण जेवले?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक मुले ‘आई’ असे देतील. चिखलात वाकून रोवणी करणारे हात स्त्रियांचे, पुरण वाटणारे हातही त्यांचेच. या उत्तरावर शिक्षकाने भाष्य करू नये. क्षणभर थांबावे आणि गृहपाठ द्यावा : येत्या पोळ्यास एक पोळी आपल्या हाताने आईच्या ताटात वाढावी व तिला सर्वांबरोबर जेवावयास बसवावे.