मेंढरांचा चारा : हिशेब हिवाळ्यात मांडा

मार्गशीर्षात लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. नांदेड-लातूरकडचे पुष्कळ धनगर यात्रेला जातात. त्या दिवसांत मेंढरं अंगानं भरलेली असतात. रानात पाला असतो. बांधावर गवत असते. त्यामुळे चाऱ्याची काळजी कोणाला वाटत नाही.

पण आपल्याकडे वाईट दिवस हिवाळ्यात येत नाहीत. ते होळीनंतर येतात. चैत्र-वैशाखात माळ उघडा पडतो. मृग बरसला तरी गवत लगेच वर येत नाही. होळीपासून असे सुमारे 100 दिवस काढावे लागतात.

या 100 दिवसांचा चारा मात्र आधीच निघतो. दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचे भुसकट निघते. पौष-माघात तुरीचे निघते. मग हरभऱ्याचे भुसकट आणि रब्बी ज्वारीचा कडबा येतो. भुसकटालाच कोणी गुळी म्हणतात. खळ्यावर ते स्वस्त मिळते. वैशाखात तेच महाग होते.

एक कारभारी म्हणाले, "दरसाल मेंढरं जगत्यातच की! कागद कशाला पायजे?"

कारभारीण नुकतीच लिहायला शिकली होती. ती म्हणाली, "जगली ती तुम्ही मोजता. वैशाखात मातीमोल विकली ती कोण मोजतं?"

मग दोघांनी हिशेब मांडला. तो असा :

मेंढ्या 20.
एका मेंढीला रोज सुमारे 1 किलो सुका चारा लागतो. उन्हाळ्यात निम्मे पोट रानात भरते असे धरू. घरचा चारा अर्धा किलो.
20 मेंढ्यांना रोज 10 किलो.
100 दिवसांना 1000 किलो, म्हणजे 10 क्विंटल.
तुडवण आणि नासधूस 1 क्विंटल.
एकूण 11 क्विंटल. म्हणजे एका मेंढीमागे 55 किलो.

घरात किती होता? कडब्याची एक पेंढी तराजूवर तोलली आणि पेंढ्या मोजल्या. भुसकटाचे एक पोते तोलले आणि पोती मोजली. सगळा चारा 8 क्विंटल भरला. तेवढ्यात 14 मेंढ्या निघतात. 6 मेंढ्यांचे काय?

कारभारी गप्प झाले. मग म्हणाले, "बरं झालं, आताच कळलं."

तूट हिवाळ्यात कळली तर दोन वाटा असतात.

पहिली वाट चारा मिळवण्याची. शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतो. त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. त्यातला काही मोबदला भुसकटात मागा. चैत्र-वैशाखात बाभळीच्या वाळलेल्या शेंगा पडतात. त्या गोळा करून ठेवा. त्या पौष्टिक असतात.

दुसरी वाट कळप कमी करण्याची. दात पडलेल्या मेंढ्या, भाकड मेंढ्या आणि जास्तीचे नर आताच विका. आता त्यांच्या अंगावर मांस आहे. वैशाखात ती वाळतात. तेव्हा आपली अडचण घेणाऱ्यालाही कळते आणि भाव पडतो. चांगल्या तरण्या मेंढ्या मात्र राखा. पुढचा कळप त्यांच्यापासूनच व्हायचा आहे.

गाभण मेंढीचा हिशेब वेगळा धरा. मेंढी सुमारे 5 महिने गाभण असते. शेवटच्या दीड महिन्यात पोटातले कोकरू झपाट्याने वाढते. तेव्हा तिला रोज पाव किलोपर्यंत ज्वारीचा भरडा किंवा तुरीची चुणी द्या. उपाशी मेंढीला दूध येत नाही. मग कोकरू दगावते. भरडा थोडा थोडा वाढवा. एकदम धान्य घातले तर पोट फुगते, जनावर मरतेही.

चारा जमला की तो नीट राखा. जमिनीवर दगड-लाकडांचा माच करा. त्यावर चारा रचा आणि वरून झाका. अवकाळी पावसाने भिजला तर बुरशी येते. बुरशीचा चारा घालू नका. चूल आणि विडी गंजीपासून दूर ठेवा. मेंढी कडब्याची जाड ताटे टाकून देते. म्हणून कडबा बारीक तोडा, भुसकटात मिसळा आणि गव्हाणीत घाला. जमिनीवर टाकला तर निम्मा पायाखाली जातो.

1972 साली मोठा दुष्काळ पडला. 2016 साली तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशी साले पुन्हा येतात. पाऊस कमी झाला असेल तर 100 ऐवजी 120 दिवस धरा.

पाऊस आपल्या हातात नाही. मोजणे आपल्या हातात आहे.

करून पाहा

1. तुमच्या मेंढ्या किती? गाभण किती?
2. एका मेंढीमागे 55 किलो धरून एकूण चारा काढा.
3. घरचा चारा तोला. किती कमी पडतो ते वहीत लिहा.
4. यंदा कोणत्या मेंढ्या राखाल आणि कोणत्या विकाल? घरात सगळे मिळून ठरवा.