हातोडी डिकीत होती

मराठवाड्यात मोटारीत बसून बुडण्याची भीती बाळगणे हा ज्यांना विनोद वाटतो, अशांची संख्या आमच्या आप्तवर्गात थोडी नाही. आणि ज्या मुलखातील लातूर शहराला 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणून पाजावे लागले, त्या मुलखात काच फोडण्याची हातोडी विकत घेणारा गृहस्थ हास्यास्पद ठरावा, हे मी एका मर्यादेपर्यंत समजूही शकतो. परंतु हसणाऱ्यांपैकी एकानेही पूर्णा-दुधना या नद्यांना मिळणाऱ्या ओढ्यांचा स्वभाव ध्यानात घेतलेला नसतो. हे ओढे वर्षाचा बहुतेक काळ वाळू दाखवतात आणि एका दुपारीत पूल गिळतात.

मी ती हातोडी घेतली ती मुंबईच्या 26 जुलै 2005 मुळे. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळला, म्हणजे आमच्या परभणीला साधारण अख्ख्या वर्षात होतो तेवढा. आणि कुलपे अडकलेल्या, काचा वर राहिलेल्या मोटारींत काही माणसे आतल्या आत गुदमरून गेली. माझे धाकटे बंधू तेव्हा अंधेरीस होते. त्यांनी पुढे जे सांगितले ते येथे लिहिण्याची इच्छा नाही. मात्र त्यानंतर पुष्कळ मुंबईकरांनी गाडीत हातोडी ठेवण्यास आरंभ केला, तसा मीही केला. एका टोकास पोलादी अणी, दुसऱ्या टोकास पट्टा कापण्याचे पाते, अशी ती हातोडी मी चालकाच्या आसनाखाली, डावा हात सहज पोहोचेल अशा जागी, वेल्क्रोने पक्की केली होती, आणि घरातील प्रत्येकास ती जागा हाताने चाचपडून दाखवली होती. आमचे मेहुणे त्या वेळी म्हणाले होते, "भाऊजी, आता गाडीत होडी पण ठेवा."

1 सप्टेंबर 2024, रविवार. दुसऱ्या दिवशी पोळा, म्हणून मातोश्री, सौभाग्यवती आणि मी जिंतूर तालुक्यातील आमच्या गावी निघालो होतो. त्या दोन दिवसांत परभणी, हिंगोली आणि नांदेड जिल्ह्यांत अतिवृष्टी झाली. "पाण्यात गाडी घातलीच कशाला?" हा प्रश्न मला आजवर ज्या ज्या महाभागांनी विचारला, त्यांच्यासाठी हे एकदाच स्पष्ट नमूद करतो की, आम्ही ओढ्याच्या त्या ठेंगण्या पुलावर चढलो तेव्हा पाणी पुलाखाली होते, पुढचा ट्रॅक्टर मधोमध बंद पडला, मागे जीप येऊन भिडली, आणि वरच्या अंगास कोठे तरी बांध फुटला असावा, कारण पाहता पाहता पाणी दारांना लागले. मी तत्काळ काच खाली घेण्याचे बटण दाबले. काच चार बोटे उतरली आणि थांबली. इंजिन बंद पडले, दारावर पाण्याचा रेटा आला, आणि गाडीची मागची बाजू हळूहळू कठड्याकडे सरकू लागली. इकडे सौभाग्यवतींच्या पट्ट्याच्या बकलात साडीचा पदर अडकलेला.

"अहो, पट्टा निघंना!"

माझा हात आसनाखाली गेला. तेथे वेल्क्रोची पट्टी होती, हातोडी नव्हती.

त्या क्षणी मनात भय आले नाही, हे सांगितले तर कोणास खरे वाटणार नाही. पण भयाच्या आधी संताप आला, आणि संतापाबरोबर एक स्वच्छ, कोरडे ज्ञान झाले, की ही वस्तू कोठे आहे ते मला माहीत आहे. आदल्याच आठवड्यात गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. ती आतून इतकी चकचकीत होऊन परत आली होती की पायाखालच्या गालिच्यावर कागद पसरलेला होता. अशी स्वच्छता करणारा इसम आसनाखालचे लोखंड तेथेच राहू देणार नाही. तो ते डिकीत, जॅक-पान्याच्या पिशवीत, नीट लावून ठेवील.

पुढचे थोडक्यात सांगतो. मातोश्रींनी मागून आपल्या चंचीतला अडकित्ता पुढे केला आणि त्याने मी पट्टा कुरतडत कुरतडत तोडला. ट्रॅक्टरवाला तरुण लोखंडी टॉमी घेऊन कमरेइतक्या पाण्यातून आला, "मामा, तोंड झाका" म्हणाला, आणि मागच्या दाराच्या काचेच्या कोपऱ्यावर एकच घाव घातला. आम्ही तिघे त्या वाटेने बाहेर आलो. गाडी कठड्याला टेकून राहिली, आणि पाणी ओसरल्यावर ग्रामस्थांसमक्ष डिकी उघडली तेव्हा हातोडी जॅकच्या पिशवीतच निघाली. मी पूर्वी तहसिलीत अव्वल कारकून होतो. पंचनाम्याचे महत्त्व मला कळते. फोटो काढून ठेवले.

वर्कशॉपचे व्यवस्थापक मात्र शेवटपर्यंत प्रसन्न होते. "काका, आमची पोरं गाडी आपली समजून साफ करतात," असे ते म्हणाले. त्यावर मी विचारले की, आपली समजून साफ करणारा मनुष्य मालकाची वस्तू मालकास न सांगता हलवतो काय? तेव्हा, "पण वस्तू गहाळ तर नाही झाली ना?" असा त्यांचा युक्तिवाद. त्याच सायंकाळी त्यांच्या दफ्तरातून एका मुलीचा फोन आला: सेवेस दहापैकी किती गुण द्याल? मी माझी कैफियत सांगू लागलो, तर ती बिचारी म्हणाली, "सर, त्याला इथे रकाना नाहीये."

म्हणून गाडी कोणाच्याही ताब्यात देताना जॉब कार्डावर लेखी नोंद करवून घ्यावी की अमुक वस्तू अमुक जागेवरून हलवू नये, आणि गाडी परत घेताना बिलावर सही करण्याआधी ती जागा हाताने चाचपडावी, डोळ्यांनी नव्हे. हातोडी वेल्क्रोवर न सोडता आखूड दोरीने आसनाच्या लोखंडास बांधावी. डिकी ही तिची जागा नव्हेच. समोरचा खणही नव्हे, कारण मागे बसलेल्याचा हात तेथे पोहोचत नाही. मागच्या लोकांसाठी दुसरी असावी.

हातोडीपेक्षा स्प्रिंगवर चालणारे, काचेवर टेकवून दाबायचे साधन बरे, कारण पाण्याखाली हातोडी उगारण्यास जोर मिळत नाही. अमेरिकेतील ट्रिपल ए या मोटारचालकांच्या संघटनेने 2019 मध्ये दोन्ही प्रकारची मिळून सहा साधने तपासली. त्यांतील चारांनी टेम्पर्ड काच फोडली. लॅमिनेटेड काच एकासही भेदता आली नाही. पुढची मोठी काच लॅमिनेटेड असते, तिच्या नादी लागू नये. बाजूच्या काचा बहुधा टेम्पर्ड असतात, परंतु काही नव्या गाड्यांत त्याही लॅमिनेटेड येऊ लागल्या आहेत; तेव्हा काचेच्या कोपऱ्यातला बारीक छाप आजच वाचावा. घाव मध्यभागी नव्हे, कोपऱ्यात. भंगारवाल्याकडून दाराची जुनी काच आणून, डोळ्यांना चष्मा लावून, घरातील प्रत्येकाने एकदा ती फोडून पाहावी. हाताला तो अंदाज वाचून येत नाही. आसनाच्या डोक्यामागील उशीचे दांडे उपसून काच फोडण्याच्या चित्रफिती फिरतात, त्यांवर विश्वास ठेवणाऱ्यांनी पट्टा लावलेल्या अवस्थेत ती उशी उपसून दाखवावी.

कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्त यांनी बुडत्या मोटारींचे प्रत्यक्ष प्रयोग केले. त्यांचा क्रम असा: पट्टे सोडा, काच उघडा, लेकरे आधी, मग स्वतः, आणि हे सर्व पहिल्या मिनिटात. दार उघडण्यात ते मिनिट घालवू नये. आगीतही हेच; 1 जुलै 2023 रोजी सिंदखेड राजाजवळ समृद्धी महामार्गावर बस उलटून पेटली, दाराची बाजू खाली गेली, पंचवीस माणसे गेली, आणि जे वाचले त्यांतील काही काच फोडून निघाले. बाकी मोबाइल चार्ज ठेवावा, पुराच्या पाण्यात शिरू नये, हे सर्व जण सांगतातच.

मेहुण्यांनी आता तशीच हातोडी घेतली आहे. ती अद्याप खोक्यात आहे. वर्कशॉपने माझ्या लेखी तक्रारीच्या उत्तरादाखल आतून-बाहेरून मोफत धुलाईचे कूपन पाठवले. ते मी नोंदणीकृत टपालाने परत केले, आणि पोच फाइलला लावली आहे.